आठ नंबरचे नाना

सखारामनाना बोलत नाहीत, पुकारतात. सकाळी फाट्यावरच्या माझ्या एसटीडी फोनच्या बूथसमोर आले की 'चहा सांगा' असं चारचौघांसारखं म्हणणार नाहीत. डावा हात कानावर, उजव्या हाताची मूठ तोंडासमोर माईक धरल्यासारखी, आणि मग आवाज उठतो, "लक्ष द्या, लक्ष द्या! फाट्यावरचे बूथमालक, आपले भाऊ, यांच्याकडून दोन चहा जाहीर झालेले आहेत!" रस्त्यापलीकडचा चहावाला हात वर करतो. आपण चहा जाहीर केलाय हे मला तेव्हाच कळतं.

नाना बैलगाड्यांच्या शर्यतीत माईकवर असतात. राजुरीपासून निरगुडसरपर्यंत कुठल्याही गावची यात्रा असो, घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडे पळायचे म्हटले की पुकारायला नाना हवेत. गाडा सुटला की दहा-बारा सेकंदांत वरच्या निशाणाला भिडतो, आणि तेवढ्यात नाना चारी बैलांची, मालकाची, मालकाच्या बापाची आणि गावाची नावं घेऊन शेवटी "झाली, झाली, झाली... भिर्रर्र!" करून मोकळे होतात. वारा पूर्वेचा असला तर नानांचा आवाज पार आहुप्याला जातो, असं लोक म्हणतात. आहुप्याचा एक माणूस एकदा फोन करायला आला होता, त्याला मी खरंखोटं विचारलं. तो म्हणाला, "आवाज न्हाई येत. पर त्या दिशी आमचा रेडिओ खरखर करतो बगा."

त्यांच्या गळ्यात एक स्टॉपवॉच असतं. एका यात्रेत वेळ घेणारा माणूस आला नाही म्हणून पंचांनी ते नानांच्या गळ्यात अडकवलं, ते काही पुन्हा उतरलं नाही. नाना सगळ्याची वेळ घेतात. एसटी थांब्यावर किती थांबली, सरपंच किती बोलले, मी पेपर किती वेळ नुसताच समोर धरून बसलो होतो. "सात मिन्टं नऊ सेकंद, भाऊ. पान उलटलं न्हाई तुमी."

आमच्या भागात दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं फार. पुढारी रांगेनं येतात, आणि त्यांना आवरायला माईकवर कोणीतरी खमक्या लागतो. एकदा ते काम नानांकडे आलं. पहिली दोन-तीन भाषणं त्यांनी घसा बसल्यासारख्या आवाजात, अगदी रीतीला धरून पुकारली. मग सवय आडवी आली. "आत्ताचे वक्ते, सहा मिन्टं अकरा सेकंद! पुढच्यांनी जुंपून तयार ऱ्हायाचं! त्यांच्या मागच्यांनी खालीच थांबायचं, उगा गर्दी करायची न्हाई!" मयताचा थोरला मुलगा डोळे पुसता पुसता हसला. त्यानंतर भाषणं मात्र भराभर आटोपली, आणि लोक घरी लवकर गेले. नानांना दशक्रियेची बोलावणी वाढली ती तेव्हापासून.

अशा ह्या माणसाचा एक नियम होता. माईकवर घरच्याचं नाव घ्यायचं नाही.

त्याला कारण घडलं होतं. नानांच्या दावणीला हिरा नावाचा बैल होता. गावच्या यात्रेत तो पहिल्यांदा गाड्याला लागला. नाना माईकवर होते. इतरांच्या बैलांना ते जेवढं चढवत, त्याच्या दुप्पट त्यांनी हिऱ्याला चढवलं. "आता बगा! सखाराम धोंडिबाचा हिरा! डोळं झाकू नका, झाकलं तर दिसायचा न्हाई!" निशाण चार हातांवर असताना हिरा कोसळला. पुढचा पाय गेला. नानांचा संदीप तेव्हा चौथीत होता. बैलाच्या मानेला मिठी मारून तो जो बसला, तो अंधार पडेपर्यंत उठला नाही. हिरा पुन्हा पळाला नाही. नानांनी तो विकलाही नाही, मरेपर्यंत गोठ्यात बसवून खायला घातलं. पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच, की आपण माईकवर नाव घेतलं आणि बैलाचा पाय गेला.

नियम एकदम कडक. बायकांना ग्रामपंचायतीत राखीव जागा आल्या तेव्हा सुमनकाकू, म्हणजे नानांच्या मंडळी, निवडणुकीला उभ्या राहिल्या. प्रचाराच्या जीपवर माईक घेऊन अर्थातच नाना. तीन दिवस जीप गावभर फिरली. "आपल्या वार्डाच्या उमेदवार, ज्यांना आपन समदे वळखता, ज्यांच्या हातची भाकरी मी बावीस वर्सं खातोय, निशानी शिलाई मशीन!" उमेदवार कोण, ते काही शेवटपर्यंत जीपमधून बाहेर पडलं नाही. समोरच्या बाईंचं नाव मात्र नानांनी सासऱ्याच्या नावासकट आदरानं घेतलं, कारण "मोठेपना ठिवावा मानसानं." काकू पडल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे माहेरी फोन लावायला आल्या आणि लावता लावता मला म्हणाल्या, "मतदान झाल्यावर बायका इचारत्यात, काकू, तुमी बी उभ्या व्हता का?"

आता संदीपकडे येतो. खरं तर सगळी गोष्ट त्याचीच आहे.

हायस्कूलला कोल्हापूरकडचे एक खेळाचे मास्तर बदलून आले. येताना ट्रंकेत फुटबॉल घेऊन आले. आमच्याकडे तोवर कबड्डी होती, क्रिकेट होतं आणि बैल होते. मास्तरांनी संदीपला पाहिलं आणि वर्षाच्या आत पुण्याच्या सरकारी क्रीडा वसतिगृहात पाठवून दिलं. तिथून तो मुंबईच्या एका कंपनीच्या संघात गेला आणि एकविसाव्या वर्षी गोव्याच्या एका क्लबानं त्याला रीतसर करार करून उचलला. आठ नंबरचा बनियन. मिडफिल्डर.

गावाला मिडफिल्डर कळेना. पेपरात सामन्याची बातमी आली की लोक गोल करणाऱ्यांची नावं वाचत आणि नानांना विचारत, "पोरगं गोल करत न्हाई का तुमचं?" नाना रागावत नसत. ते विचारणाऱ्याला माझ्या बाकावर बसवत आणि गाड्याच्या हिशोबानं समजावत. चार बैलांतली पुढं पळणारी जोडी म्हणजे जुकाट. मागची, गाड्याचं ओझं मानेवर घेणारी जोडी म्हणजे धुर. "फोटू कुनाचा निगतो? जुकाटाचा. निशानाला आधी कोन लागतो? जुकाट. पर मागं धुरंला बैल न्हाई धड, तर जुकाट काय पळंल, सांगा की राव. आपला आठ नंबर धुरंचा हाय." हे इतकं चोख होतं की फुटबॉल मला त्यातूनच समजला. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. नाना चुकूनही संदीप म्हणत नसत. माईक हातात असो नसो, चारचौघांत तो 'आठ नंबर'.

गोव्याचा करार झाला तेव्हा गावानं सत्कार ठेवला. माईक नानांकडे. त्यांनी व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेतली, मास्तरांचं घेतलं, शाल कोणी दिली, नारळ कोणी आणला, मांडव कोणाचा, सगळं पुकारलं. मुलाची वेळ आली तेव्हा म्हणाले, "सत्कारमूर्तींनी पुढं यावं." पुन्हा एकदा म्हणाले, "सत्कारमूर्ती." बस. संदीप पुढे आला, शाल घेतली आणि बापाकडे न बघता खाली उतरला.

रात्रीच्या गाडीनं तो निघायचा होता. त्याआधी बूथवर गोव्याला फोन करायला आला. फोन झाला तरी जाईना. मग म्हणाला, "काका, नाना सगळ्या तालुक्यातल्या बैलांची नावं घेत्यात. म्हशीवाल्यांची घेत्यात. माझंच का न्हाई?"

मी म्हटलं, "तुला माहितीय की. हिऱ्याचं झालं तेव्हापासून..."

"म्हंजी मी बैल हाय का?" तो म्हणाला. "लई नको. एकदा. एकदा घ्यायला काय झालं असतं?"

मी मीटरचा कागद फाडून त्याच्या हातात दिला.

पुढच्या वर्षी त्याच्या क्लबाचा सामना मुंबईत होता. नाना मला घेऊन गेले. मैदानावर नाना एक अक्षर बोलले नाहीत. नव्वद मिनिटं हा माणूस गप्प, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. एकदा फक्त म्हणाले, "एवढ्या टायमात आपल्याकडं निम्म्या घाटाचं गाडं पळून व्हत्यात." बाकी वेळ नजर मैदानावर आणि अंगठा स्टॉपवॉचवर. चालू, बंद. चालू, बंद. मला वाटलं कंटाळा आलाय आणि चाळा करताहेत.

सामना संपल्यावर संदीप घामेजलेला, चिखलानं भरलेला, प्रेक्षकांपुढच्या जाळीपाशी आला. त्याचा संघ जिंकला होता. "नाना, कसा खेळलो?"

नानांनी गळ्यातलं घड्याळ बघितलं. "एक मिनिट अट्टेचाळीस सेकंद."

संदीपचा चेहरा पडला. "बरं," म्हणाला आणि आत गेला.

परतीच्या एसटीत मी नानांवर उखडलो. पोरगं जिंकून आलं, चांगलं म्हणायला तोंड दुखतं का, वगैरे. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भाऊ, आख्ख्या म्याचमदी बॉल त्याच्यापाशी किती व्हता, ते सांगितलं मी. दुसऱ्या कुनाचं धरलं न्हाई. बाकीची एकवीस मानसं काय करीत व्हती, मला ठावं न्हाई." हे त्यांनी जाळीपाशी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

माझ्या बूथला काचेची केबिन आहे. दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं ऐकू नये हे मला मान्य आहे, पण नाना फोनवरही पुकारतात, तेव्हा न ऐकणं हे थांब्यावरच्या कोणालाच जमत नसे. दर रविवारी दुपारी ते गोव्याला फोन लावत. "हॅलो, आठ नंबर का?" मग जेवलास का, पाऊस हाय का, आणि मग कालच्या सामन्याची उलटतपासणी. बॉल कुठनं आला? डाव्या पायानं घेतला का उजव्या? मग कुनाला दिला? त्यानं पुढं काय केलं? संदीप वैतागायचा हे नानांच्या तोंडावरून कळायचं. "बरं बरं, आठवंल तेवढं सांग," असं म्हणून ते नमतं घ्यायचे.

फोन संपला की मीटरचे लाल आकडे थांबतात. नाना मात्र थांबत नसत. आकडे थांबल्यावरही पाच-दहा मिनिटं ते रिसिव्हर कानाला लावून, पाठ माझ्याकडे करून उभे. ओठ हलताहेत, आवाज नाही. बरेच रविवार मी हे पाहिलं आणि वय झालं म्हणून सोडून दिलं. एकदा बाहेर एक बाई फोनसाठी ताटकळली होती, म्हणून मी केबिनचं दार उघडलं.

नाना हळू आवाजात, कुजबुजत म्हणावं इतक्या हळू, बोलत होते. "संदीपकडं बॉल... संदीपनं डाव्या पायावर घेतला... दोघं आलं अंगावर, संदीप हालत न्हाई... संदीपनं दिला, काय दिला, काय दिला... संदीप सखाराम! संदीप सखाराम!"

मला बघून ते चपापले. रिसिव्हर छातीशी धरला. "बंद हाय फोन," ते म्हणाले. "माईक न्हाई काय न्हाई. बंद फोनात नाव घेतलं तर चालतंय." मग बाहेर येऊन माझं मनगट धरलं. "कुनाला बोलू नका, भाऊ."

मी बोललो नाही. त्या दिवसापासून रविवारी दुपारी नानांचा फोन झाला की मी बाहेरच्या गिऱ्हाईकाला 'लाइन खराब आहे, थोडं थांबा' असं सांगू लागलो.

संदीप गोव्याला तीन वर्षं खेळला. चौथ्या वर्षी, दिवाळीनंतर, क्लबाच्या माणसाचा फोन आला आणि तो घ्यायला मी नानांना घरून बोलावून आणलं. गुडघा. आतलं काहीतरी तुटलं होतं. ऑपरेशन झालं, पुन्हा दुसरं झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की चालशील नीट, पण खेळायचं आता विसर. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना बूथवर आले आणि साध्या आवाजात म्हणाले, "भाऊ, चहा सांगा." हात कानावर नाही, मूठ तोंडासमोर नाही. मला भीती वाटली.

चहा आला, निवला, साय धरली. नानांनी हात लावला नाही. मग केबिनकडे बोट करून म्हणाले, "एक खरं सांगा. त्या फोनात, बोलायच्या बाजूला, आत काय असतंय?"

"म्हणजे?"

"माईक असतो का आत?"

आता, मी बूथवाला. रिसिव्हरचं खालचं झाकण फिरवून आतली माईकची चकती मी स्वतःच्या हातानं दोनदा बदलली होती. नानांचे डोळे माझ्यावर होते. हिऱ्याचा पाय त्यांनी इतकी वर्षं वागवला होता, आता हाही पाय त्यांच्या माथी बसायचा होता, आणि तो माझ्या एका शब्दावर अडला होता.

"छे हो," मी म्हटलं. "माईक विजेवर चालतो, फोन तारेवर चालतो. फोनात कसला माईक?"

"शपथ?"

"शपथ."

नानांनी चहा उचलला आणि गार चहा एका दमात प्यायले. पटलं की नाही ते मला कळलं नाही. पण त्यानंतर ते बंद फोनाशी बोलायचे थांबले. यात्रांना जात, पुकारत, पण पूर्वीचा जोर नव्हता. निम्म्या मालकांच्या बापांची नावं राहून जात, आणि मालक तक्रार करत.

संदीप काठी टेकत घरी आला. जुन्या कंपनीनं त्याला मुंबईच्या कचेरीत टेबलाशी नोकरी देऊ केली होती, तोवर दोन महिने तो इथं होता. थट्टा करायचा त्याचा स्वभाव. एकदा ओसरीवर काठी बाजूला ठेवत म्हणाला, "नाना, आता मलाबी हिऱ्यासारखं गोठ्यात बांधा." नाना जेवता जेवता ताटावरून उठले. काकूंनी हे मला सांगितलं, तेव्हा मला राहवलं नाही. संदीपला बूथवर बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. बंद फोन, डाव्या पायावर घेतलेला बॉल, 'संदीप सखाराम', एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचा अर्थ, आणि माझी खोटी शपथ. दिलेला शब्द मोडला, पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

संदीप केबिनच्या काचेकडे बघत बसला. मग म्हणाला, "तरीच. एवढं बारीक कशाला इचारत्यात म्हनून मी वैतागायचो." आणि पुढं, "मी कधी कधी थापा मारायचो, काका. न खेळलेलं बी सांगायचो, लवकर ठेवावं म्हनून." एवढं बोलून तो मान खाली घालून बराच वेळ रडला. मी शटर अर्धं ओढून घेतलं.

तो मुंबईला गेला. तोवर फाट्यावर ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला होता आणि मी बूथ मोडून झेरॉक्सचं मशीन टाकायच्या विचारात होतो. संदीपनं नानांनाही मोबाईल पाठवला. नानांनी तो काकूंना देऊन टाकला. "त्याला काचंची केबिन न्हाई," म्हणाले. ते रविवारी दुपारी माझ्याकडेच आले.

"हॅलो, आठ नंबर का?" जेवलास का, पाऊस हाय का. मग विचारायला काही उरलं नाही. सामने संपले होते. नानांनी ठेवायला म्हणून रिसिव्हर कानापासून दूर केला, पण पुन्हा कानाला लावला. ऐकत राहिले. मग केबिनचं दार ढकलून त्यांनी डोकं बाहेर काढलं. चेहरा पार गोंधळलेला.

"भाऊ, हा म्हनतोय, ठेवू नका. काल म्याच झाली म्हनं त्याची. कशी झाली, ते तुमी सांगा म्हनतोय मला. नावानं सांगा म्हनतोय."

"मग सांगा की," मी म्हटलं.

"फोन चालू हाय, भाऊ."

"चालू असू द्या. त्यात माईक नसतो."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्या वेळी त्यांना सगळं कळलं होतं, माईकचंही आणि शपथेचंही. त्यांनी दार लावून घेतलं. स्टॉपवॉचचा खटका दाबला. डावा हात दुसऱ्या कानावर गेला.

सुरुवात कुजबुजीतच झाली. मग आवाज उठला. "संदीपकडं बॉल! संदीप सखाराम! डाव्या पायावर घेतला, दोघं आलं अंगावर, तिघं आलं, संदीप हालत न्हाई!" थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. चहावाला कपबशा तशाच धरून रस्त्याच्या मध्ये उभा राहिला. एसटी आली, थांबली, कोणी चढलं नाही. "संदीपनं दिला! काय दिला! आरं काय दिला संदीपनं!" मीटरचे लाल आकडे पळत होते. पलीकडून संदीप ऐकत होता.

नाना बाहेर आले तेव्हा घामानं भिजले होते. उपरण्यानं तोंड पुसलं, गळ्यातलं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि पुन्हा पुन्हा पाहिलं.

"अकरा मिन्टं चार सेकंद," ते म्हणाले. "आज बॉल लई वेळ त्याच्यापाशी व्हता, भाऊ."